गोंदणाचा ठिपका

आजीच्या वर्षश्राद्धाला चार दिवस उरले होते, तेव्हा काका तालुक्याहून फ्रेम घेऊन आला. जुन्या पेपरात गुंडाळलेली, वर सुतळीची उभी-आडवी बांधणी. एसटीत कुणाचं कोपर लागू नये म्हणून सगळा रस्ता त्याने ती मांडीवर उभी धरली होती. ओसरीवर सगळे गोळा झालो. काकूने विळ्याने सुतळी कापली, पेपर बाजूला झाला आणि आधी दिसली ती सोनेरी पट्टी, मग निळं आभाळ, त्यात कापसासारखे ढग, आणि ढगांच्या पुढे आजी. चेहरा तिचाच. मानेच्या खाली मात्र जांभळी पैठणी होती. सहावारी, खांद्यावर पिन लावून चापूनचोपून बसवलेला पदर. गळ्यात ठसठशीत मंगळसूत्र. कपाळावर वाटोळं, लालभडक कुंकू. आजीने उभ्या जन्मात सहावारी नेसली नाही. पैठणी तर तिने दुसऱ्यांच्या लग्नातच पाहिली असेल. आणि आजोबा १९८६ साली गेले. त्यानंतर तिच्या गळ्यात तुळशीची माळ तेवढी असायची.

काका जरा ओशाळून म्हणाला, "बॉडी रेडीच असते त्याच्याकडं. आईचा तसा धड फोटो होता कुठं? आधार कार्डावरनं चेहरा उचलला त्यानं." बॉडी रेडी असते, हे वाक्य ऐकून मला हसू आलं आणि लगेच लाजही वाटली, कारण तेवढ्यात आत्याने फ्रेम हातात घेतली होती आणि ती रडत होती. काचेवर पडलेलं पाणी पदराने पुसत म्हणाली, "बरं केलंस बाबा. कुंकू लावलेली आई किती वर्षांनी बघितली." यावर कोण काय बोलणार? मीही बोलले नाही. भिंतीवर खिळा कुठे ठोकायचा याची चर्चा सुरू झाली, चहा आला, फ्रेमला हार किती लांबीचा लागेल ते टेपने मोजून झालं. मी पुन्हा एकदा फोटोकडे पाहिलं, तेव्हा काय खटकतंय ते नीट कळलं. पैठणी खटकत होतीच, पण ते नव्हे. कपाळ खटकत होतं.

आजीच्या कपाळावर गोंदण होतं.

दोन्ही भुवयांच्या मध्ये, किंचित वर, हिरवट-निळा एक ठिपका. सहा-सात वर्षांची असताना दारावर गोंदणारी बाई आली, आईने पसाभर जोंधळे दिले आणि आजीला दोघींनी धरून ठेवलं, ही गोष्ट ती अशा थाटात सांगायची की ऐकणाऱ्यालाच सुई टोचावी. हनुवटीवर आणखी एक ठिपका, डाव्या हातावर तुळशीवृंदावन, पण ते कातडी सैल पडल्यावर पावसात भिजलेल्या रांगोळीसारखं झालं होतं. कपाळावरचा ठिपका मात्र शेवटपर्यंत जागच्या जागी. आजोबा गेले त्या दिवशी बायकांनी तिचं कुंकू पुसलं, बांगड्या फोडल्या. मी तेव्हा लहान होते, दाराआडून बघत होते. कुंकू पुसल्यावर त्याखालून तो ठिपका वर आला. नंतर कितीतरी वर्षांनी ती मला म्हणाली होती, "सगळं काढून घेतलं गं, पर ह्ये न्हाई कुणाच्यानं काढवलं. ह्ये संगं येणार." आणि आता तालुक्यातल्या एका पोराने माउसच्या दोन टिचक्यांत ते काढलं होतं. डाग समजून. वर, भरपाई म्हणून असेल कदाचित, कुंकू लावलं होतं.

त्या रात्री झोप लागेना म्हणून मोबाइल चाळत बसले. मार्च महिना होता, त्यामुळे घराघरातल्या ग्रुपांवर फिरतो तो फोटो माझ्याकडेही आला होता. तीन बायकांचा. तुम्हीही शंभरदा पाहिला असेल: डावीकडे साडीतल्या आनंदीबाई जोशी, मध्ये किमोनो घातलेली जपानची केई ओकामी, उजवीकडे दमास्कसची साबात इस्लांबूली तिच्या मुलखाच्या पोशाखात. १० ऑक्टोबर १८८५, फिलाडेल्फिया, बायकांच्या मेडिकल कॉलेजातला डीनचा स्वागतसमारंभ. फोटो काळा-पांढराच आहे, पण मला आला तो कुणीतरी रंग भरलेला होता. आनंदीबाईंची साडी मरून, कुंकू लाल. आदल्या वर्षी आलेल्यात साडी हिरवी होती. खरा रंग कोणता, हे त्या रंग भरणाऱ्यालाही ठाऊक नाही आणि पुढे पाठवणाऱ्यालाही. मला एकदम काकाची फ्रेम आठवली. बॉडी रेडी असते तसे रंगही रेडी असतात.

फोटोच्या जुन्या काचांची एक गंमत मी फार पूर्वी वाचली होती, ती त्या रात्री पहिल्यांदा अंगाला लागली. १८५१ पासून पुढे तीसेक वर्षं फोटो निघायचे ते काचेवर कोलोडियन नावाच्या चिकट रसायनाचा ओला थर देऊन. त्या थराला सगळे रंग सारखे दिसत नसत. निळा प्रकाश त्याला भारी कळायचा आणि लाल जवळपास कळायचाच नाही. म्हणजे निळं आभाळ कागदावर पांढरंफटक उतरायचं आणि लाल वस्तू काळी. पुढे सुक्या काचा आल्या, पण त्यांतल्याही बहुतेकींची दृष्टी तीच. हिरव्या-पिवळ्याला थोडी दाद देणाऱ्या काचा आनंदीबाईंच्या काळात नुकत्या कुठे बाजारात येऊ लागल्या होत्या. आता विचार करा, त्या काळातल्या आपल्या एखाद्या सवाष्णीचा फोटो. हळदीचा पिवळा हात काळपट. लाल लुगडं काळं. आणि सौभाग्याची म्हणून जी एकमेव खूण कपाळावर लावायची, ते कुंकू काळं. बाई फोटोत बसली सवाष्ण म्हणून आणि काचेने तिच्या कपाळावर काळी टिकली लावली. आपण आज त्या फोटोंकडे बघतो तेव्हा डोळे आपोआप काळ्याचं लाल करून घेतात. सवयीने.

निळ्याचं उलटं व्हायचं. निळा पांढऱ्याच्या दिशेने सरकायचा, म्हणजे त्वचेवरची निळसर रेघ त्वचेतच मिसळून जायची. न्यूझीलंडमधल्या माओरी लोकांचे त्या काळचे फोटो आहेत. त्यांच्या चेहऱ्यावर मोको म्हणतात ते गोंदण असतं. त्यात घराणं, मान, माणूस कोणाचा कोण हे सगळं कोरलेलं. ओल्या काचेच्या फोटोंत ते कितीदा पुसट झालं, कितीदा दिसेनासंच झालं. मग फोटोवाल्यांनी काही ठिकाणी हाताने, शाईने रेघा परत ओढल्या. म्हणजे ज्या चेहऱ्यावर ओळख लिहून ठेवलेली होती, त्याच चेहऱ्याचा फोटो काढताना ओळख तेवढी गळाली, आणि ती परत लिहिली भलत्याच माणसाच्या हाताने. त्याच्या हाताला त्या रेघांचा अर्थ ठाऊक असेलच असं नाही.

आजी तिच्या जन्माच्या शंभर वर्षं आधी जन्मली असती आणि कुणी तिचा फोटो काढला असता, तर काय झालं असतं ते मी अंथरुणात पडल्या पडल्या जुळवत होते. कुंकू काळंभोर उठून दिसलं असतं. गोंदण बहुधा गेलं असतं. तालुक्यातल्या पोराने जे केलं तेच.

आपल्या भाषेत फोटो 'काढतात'. चित्र काढतात तसा, आणि काटा काढतात तसाही. काढणं म्हणजे नवं उमटवणं आणि आहे ते बाहेर काढून टाकणं, दोन्ही. लहानपणी याचा कधी विचार केला नव्हता. गावात मुंबईहून कुणी कॅमेरा घेऊन आलं की आजी चुलीपाशी जायची. "माझं काय काढताय, त्या पोरींचं काढा," म्हणायची. तिचे जे दोन-चार फोटो निघाले ते सगळे असे चुकून निघालेले. माझ्या आईवडिलांच्या लग्नाच्या ग्रुप फोटोत ती मागच्या रांगेत आहे, पदर कपाळावर पुढे ओढलेला, चेहऱ्याचा खालचा अर्धा भाग तेवढा दिसतोय. एका फोटोत नुसता हात, ताटात पुरणपोळी वाढताना. हिरव्या वृंदावनावरून ओळखायचा.

युरोपात १८५४ साली दिस्देरी नावाच्या पॅरिसच्या फोटोवाल्याने एक युक्ती पेटंट करून घेतली. एकाच काचेवर आठ फोटो, मग ते कापून साधारण सहा बाय दहा सेंटिमीटरच्या पुठ्ठ्यावर चिकटवायचे. एका फोटोच्या खर्चात पुष्कळ फोटो. तोवर आपलं चित्र काढून घेणं हे बहुतेक राजेरजवाड्यांचं नि पैसेवाल्यांचं काम होतं. आता वकील, शिंपी, शाळामास्तर, कुणीही स्टुडिओत जाऊ लागलं. पत्ते वाटावेत तशी ही कार्डं वाटली जात. राणी व्हिक्टोरियाचं कार्ड दुकानात विकत मिळायचं आणि लोक ते आपल्या मावशीच्या फोटोशेजारी अल्बमात लावायचे. मला या अल्बमांचं फार कुतूहल आहे. राणी आणि मावशी एकाच मापाच्या. दोघींच्या मागे तोच रंगवलेला पडदा, बाजूला तोच लाकडाला चुना फासून संगमरवरी केलेला खांब, खुर्चीला तीच झालर. स्टुडिओच्या छताला काचा, वरून उत्तरेचा गार उजेड, हवेत इथरचा गोडसर, डोकं जड करणारा वास, फोटोवाल्याची बोटं चांदीच्या क्षाराने काळी पडलेली. हलू नये म्हणून डोक्यामागे लोखंडी चिमट्याचा आधार. या सगळ्यातून जो चेहरा निघायचा तो गंभीर, जरा घाबरलेला, आणि फार फार प्रतिष्ठित.

हे वारं मुंबईला यायला वेळ लागला नाही. १८५४ मध्येच तिथे फोटोग्राफिक सोसायटी निघाली आणि तिच्यात साहेबांच्या बरोबरीने भाऊ दाजी आणि त्यांचे धाकटे भाऊ नारायण दाजी होते. दोघेही डॉक्टर. पुढच्या वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला, त्यात शिकलेले हरिचंद चिंतामण पुढे मुंबईतले नावाजलेले फोटोवाले झाले. म्हणजे आपल्याकडे कॅमेऱ्याच्या फक्त समोर आपली माणसं होती असं नाही, मागेही होती. हे मला उगाचच सुखावतं. पण हरिचंदांनी काढलेले काही फोटो कुठे गेले पाहा: 'द पीपल ऑफ इंडिया' नावाच्या सरकारी ग्रंथात. १८६८ ते १८७५ या काळात निघालेले त्याचे आठ खंड, साडेचारशेच्या वर फोटो. १८५७ नंतर या देशातली माणसं ओळखीची करून घ्यावीत असं सरकारला वाटू लागलं होतं. फोटोखाली माणसाचं नाव बहुतेकदा नाही. जात, जमात, मुलूख, आणि एकदोन वाक्यांत स्वभाव. अमके कष्टाळू, तमके लबाड. जणू बियाण्याच्या पुड्या.

या ग्रंथाची एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. सर सय्यद अहमद खान १८६९ मध्ये लंडनला होते, मुलांना घेऊन. हिंदुस्तानचा कारभार बघणाऱ्या तिथल्या इंडिया ऑफिसमध्ये हा ग्रंथ ठेवलेला होता. त्यांचा मुलगा पानं उलटत असताना एका इंग्रज तरुणाने येऊन विचारलं, तुम्ही हिंदुस्तानी का? मुलगा म्हणाला, हो, आणि त्याचा चेहरा लाल झाला. मग घाईघाईने सांगू लागला की मी या इथल्या आदिवासींपैकी नाही, आमचे पूर्वज बाहेरून आले. मी ही गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा त्या इंग्रजाचा राग आला होता. दुसऱ्यांदा वाचली तेव्हा त्या मुलाचाही थोडा आला. आणि काकाच्या फ्रेमनंतर त्या पुस्तकात नाव न घालता बसवलेली माणसं आठवली, ज्यांच्याकडे बघून तो मुलगा लाजला. त्यांना कुणी विचारलं होतं का, की तुमच्याखाली काय लिहू?

तर फोटो दोन तऱ्हेचे. एक, ज्यासाठी आपण ठेवणीतलं नेसून जातो. दुसरा, ज्यासाठी आपल्याला नेलं जातं. पॅरिसच्या पोलिसांत बेर्तियाँ नावाचा कारकून होता, त्याने १८८० च्या दशकात गुन्हेगारांची मापं घेऊन, समोरून एक आणि बाजूने एक असे फोटो काढून कार्डं करण्याची शिस्त बसवली. कान उघडा, नजर समोर, चेहऱ्यावर काही नको. आजीला आधार कार्डासाठी नेलं होतं तेव्हा मीच बरोबर होते. ग्रामपंचायतीच्या खोलीत पांढरा पडदा, प्लास्टिकची खुर्ची, आणि बोटांचे ठसे काही केल्या उमटेनात. आयुष्यभर शेण-माती-राख यांत घासून ती गुळगुळीत झाली होती. मशीनवरचा पोरगा वैतागला होता पण बिचारा आजी-आजी म्हणत होता. "पदर जरा मागं घ्या, आजी. कपाळ दिसू द्या. हसू नका." आजी हसत नव्हतीच. तिने पदर मागे घेतला आणि माझ्याकडे पाहिलं, ते मला अजून दिसतं. परक्या माणसासमोर पदर मागे घेतलेली आजी मी त्याआधी पाहिली नव्हती. फ्लॅश पडला. तिचा एवढा सरळ, एवढा उघडा, समोरून काढलेला तो एकच फोटो. म्हणूनच काका तो घेऊन गेला.

पडद्यातल्या बायकांसाठी हैदराबादेत राजा दीनदयाळांनी १८९२ साली वेगळा जनाना स्टुडिओ काढला होता, इंग्रज बाई फोटो काढायची. आजीला तसलं काहीतरी हवं होतं असं आता वाटतं. एखादी बाई कॅमेऱ्यामागे असती तर ती कदाचित चुलीपाशी पळाली नसती. कदाचित पळालीही असती. मी कॅमेरा घेतला तरी पळायचीच की.

आणि मग अशीही माणसं होती ज्यांनी कॅमेऱ्याला कामाला जुंपलं. अमेरिकेत सोजर्नर ट्रुथ नावाची बाई होती, गुलामीत जन्मलेली, लिहिता-वाचता न येणारी, भाषणं करत फिरणारी. तिने १८६४ मध्ये आपली कार्डं छापून घेतली आणि त्यांचे हक्क स्वतःच्या नावावर नोंदवले. फोटोत पांढरी टोपी, खांद्यावर शाल, कुठे हातात विणकाम. खाली तिचं वाक्य: देह जगवण्यासाठी मी माझी सावली विकते. जिचा देहच एके काळी विकला गेला होता तिने हे लिहावं. मराठीत आपण छायाचित्र म्हणतो, पण त्यातली छाया कुणाच्या कानाला लागत नाही. या बाईने ती नेमकी धरली. तिच्याच काळातला फ्रेडरिक डग्लस, तोही गुलामीतून पळालेला, एकोणिसाव्या शतकात सर्वांत जास्त फोटो निघालेला अमेरिकन माणूस. साधारण १६० वेगवेगळे फोटो सापडलेत, लिंकनपेक्षा जास्त. त्याची तक्रार होती की गोरे चित्रकार काळ्या माणसाचं चित्र काढताना त्याला विद्रूप केल्याशिवाय राहत नाहीत. कॅमेरा निदान समोर आहे तेवढं तरी घेईल, हा त्याचा हिशेब. तो फोटोंत हसत नाही. कोट, कॉलर, कपाळाला आठी. खुशीत असलेल्या गुलामाची जी चित्रं तेव्हा छापत, त्यांच्यात आपली भर पडू द्यायची नाही म्हणून.

आनंदीबाई या दोन तऱ्हांपैकी कुठल्या? मला ठरवता येत नाही, आणि त्या तिघींच्या फोटोपाशी मी पुन्हा पुन्हा येते ती याचसाठी. त्या मुंबईत शाळेत जायच्या तेव्हा रस्त्यावरचे लोक जमून बघायचे, व्हरांड्यांतून शेरे यायचे, खडे यायचे, दुकानदार थुंकायचे. १८८३ च्या फेब्रुवारीत बंगालमधल्या श्रीरामपूरच्या कॉलेजात उभं राहून त्यांनी हे स्वतःच सांगितलं. वय पुरं अठराही नाही. आणि त्याच भाषणात कबूल केलं की हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणून परत येईन, रीतभात, अन्न, पोशाख बदलणार नाही. पोशाखाचं कबूल करणं तेव्हा सोपं होतं, कारण फिलाडेल्फियाची थंडी अजून अंगावर आली नव्हती. नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात. शेवटी तिथे त्या गुजराती पद्धतीने साडी नेसू लागल्या, म्हणजे पाय झाकले जातील आणि आत घागराही घालता येईल. नवऱ्याला हे कळवताना लेखणी किती अडखळली असेल! म्हणजे ज्या साडीकडे बघून अमेरिकन लोक 'हिंदू स्त्री' म्हणत होते आणि आपण आज 'आपली मराठमोळी' म्हणतो, त्या नेसण्यात पाळलेला शब्दही आहे आणि थोडा वाकवलेला शब्दही. कॅमेऱ्याला यातलं काय कळणार? त्याला साडी दिसली. त्याच्या शेजारी किमोनो दिसला. तीन बायका, तीन देश.

असाही विचार येतो की त्या तिघींना एकत्र बसवणाऱ्यांच्या मनात 'पीपल ऑफ इंडिया'सारखंच काहीतरी नसेल का? बघा, आमच्या कॉलेजात कुठून कुठून बायका आल्या. प्रेमाने बसवल्या असतील, अभिमानाने बसवल्या असतील. डीन रेचल बॉडली यांची आनंदीबाईंवर मायाच होती. पुढे पंडिता रमाबाईंच्या इंग्रजी पुस्तकाला प्रस्तावना लिहिताना त्या आनंदीबाईंबद्दल भरभरून बोलल्या. पण बसवल्या पोशाखाच्या पाट्या लावून. फरक एवढाच, आणि तो छोटा नाही, की इथे नावं आहेत. जोशी, ओकामी, इस्लांबूली. तिसरीचं नाव नोंदींत कुठे साबात येतं, कुठे ताबात, पण येतं.

पुढच्या मार्चमध्ये आनंदीबाई डॉक्टर झाल्या. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात नेमणूक झाली, तिथे रुजू होणं झालंच नाही. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेल्या, बाविसावं वर्ष पुरं व्हायला महिना उरला होता. रक्षा अमेरिकेत, त्यांना तिथे आपल्या घरी ठेवून घेणाऱ्या कार्पेंटर मावशींकडे गेली आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सीच्या दफनभूमीत त्यांच्या घरच्यांच्या जागेत ठेवली गेली. ओकामी जपानला परतली, दवाखान्यात काम केलं. सम्राटाची स्वारी तिथे आली तेव्हा बाई म्हणून त्यांना तिच्याशी बोलायचं नव्हतं, म्हणतात, आणि तिने ती नोकरी सोडली. तीच ओकामी आपल्याला मात्र किमोनोतच ठाऊक. आनंदीबाई साडीतच. एका दुपारच्या कपड्यांत दोघी कायमच्या बसल्या.

दुसऱ्या दिवशी मी तालुक्याला गेले. फ्रेम घेऊन, पुन्हा मांडीवर उभी धरून. काकाला सांगितलं नाही, आत्याला सांगितलं. ती आधी गप्प बसली, मग म्हणाली, "गोंदण घाल जा, पर कुंकू पुसायला सांगू नगंस." मला वाटलं होतं दोन्हीपैकी एक काहीतरी ठरवावं लागेल. तिने ठरवूनच टाकलं.

स्टुडिओ म्हणजे झेरॉक्सच्या दुकानाच्या मागची खोली. भिंतीवर पासपोर्ट फोटोचा पांढरा पडदा, दुसऱ्या भिंतीवर लग्नाच्या अल्बमांचे नमुने, कोपऱ्यात न नेलेल्या तीन-चार फ्रेमा भिंतीकडे तोंड करून. पोरगा विशीतला, नम्र. त्याने फाइल उघडली. पडद्यावर डावीकडे रांगेने बिनडोक्याच्या बायका: पैठणी जांभळी, पैठणी हिरवी, नऊवारी लाल, गुलाबी काठाची. पुढच्या रांगेत फेटे, कोट, नेहरू शर्ट. दिस्देरीच्या खांब-पडद्यांची आठवण झाली. तिथे निदान डोकं आणि धड एकत्र यायचं. मी म्हटलं, नऊवारी आहे तर ती का नाही लावली? तो म्हणाला, "काकांनी चांगली दिसेल अशी लावा म्हणाले." मग तो कसनुसं हसला. "माझ्या आजीला पण हीच लावलीय."

गोंदणाचं सांगितलं तेव्हा त्याला खरंच वाईट वाटलं. मूळ स्कॅन शोधून काढला, आधार कार्डाचा. कार्ड लॅमिनेट केलेलं होतं, वर्षानुवर्षं काकाच्या पाकिटात घासलेलं. त्याने तो मोठा केला, आणखी मोठा केला, आणि आजीचा चेहरा जोंधळ्याच्या दाण्यांसारखा फुटत गेला. राखाडी, तपकिरी, राखाडी चौकोन. कपाळाच्या जागी दोन गडद ठिपके होते. एक भुवयांच्या बरोबर मध्ये, एक जरा डावीकडे आणि वर.

"यातला कुठला, ताई? एक लॅमिनेशनचा आहे."

मी आत्याला फोन लावला. ती म्हणाली, मधोमध. आईला लावला. आई म्हणाली, जरा डावीकडे होता गं, मी रोज वेणी घालायचे त्यांची शेवटी शेवटी. काकाला लावला नाही. पोरगा माउसवर बोट ठेवून थांबला होता. मी स्वतःच्या कपाळावर बोट टेकवलं, डोळे मिटले, आणि दाराआडून पाहिलेलं ते पुसलेलं कपाळ आठवायचा प्रयत्न करत उभी राहिले. बाहेर झेरॉक्सचं मशीन कुणाचातरी सातबारा काढत होतं.